हेलेनातली पाकिटं : मोंटानाच्या सिनेट जागेचं प्रकरण

१० जानेवारी १८९९. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याची राजधानी हेलेना. वॉशिंग्टनला पाठवायचा सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य, निवडण्यासाठी विधिमंडळ जमलं होतं. मतदान सुरू होण्याआधी फ्रेड व्हाइटसाइड या आमदाराची साक्ष सभागृहासमोर आली आणि साक्षीबरोबर पुरावाही आला, हजार हजार डॉलरच्या तीस नोटा. व्हाइटसाइड फ्लॅटहेड भागातला, बांधकामाची कंत्राटं घेणारा माणूस. हे पैसे खाणमालक विल्यम क्लार्क यांना मत देण्यासाठी आपल्याला आणि इतर आमदारांना दिले गेले, असं त्याचं म्हणणं होतं.

एका हजाराच्या नोटेचं वजन काय होतं? ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत जमिनीखाली उतरणाऱ्या कामगाराचा रोज तेव्हा साडेतीन डॉलर होता. म्हणजे एक नोट हातात यायला त्याला २८६ दिवस खाणीत उतरावं लागलं असतं. अशा तीस नोटा, आणि त्याही फक्त तीन-चार आमदारांसाठी.

देण्याघेण्याची रीत मोठी पद्धतशीर होती. क्लार्कचा वकील जॉन वेलकम आमदारासमोर नोटा मोजायचा, पाकिटात घालायचा, पाकीट बंद करायचा. आमदार पाकिटावर आपली आद्याक्षरं लिहायचा. मग ते पाकीट तिसऱ्या माणसाकडे ठेव म्हणून जायचं. मत पडलं की पाकीट आमदाराच्या खिशात. उधारी नाही, नुसता शब्दावर विश्वासही नाही. जमिनीच्या व्यवहारात इसार देतात तसा हा मताचा इसार होता.

मोंटानाच्या सिनेटमधल्या प्रतिनिधित्वाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून मोठा आहे आणि त्यात मोठी माणसं होऊन गेली. तरी मी सुरुवात या पाकिटांपासून करतो. पुढचे कायदे, पुढची माणसं आणि थेट २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला वाद, या सगळ्याचा धागा इथूनच सुटतो.

लहान राज्य, पूर्ण जागा

अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा असतात, मग लोकसंख्या कितीही असो. आपल्याकडे राज्यसभेत उत्तर प्रदेशाच्या ३१, महाराष्ट्राच्या १९ आणि गोव्याची एक जागा आहे. लोकसंख्येचा असा हिशोब तिथे नाही. राज्याच्या संमतीशिवाय त्याचा सिनेटमधला समान वाटा काढून घेता येणार नाही, असं त्यांच्या संविधानाच्या पाचव्या कलमातच लिहून ठेवलंय.

८ नोव्हेंबर १८८९ रोजी मोंटाना राज्य झालं. १८९०च्या जनगणनेत तिथे जेमतेम एक लाख त्रेचाळीस हजार माणसं भरली. न्यूयॉर्क राज्यात तेव्हा साठ लाख होती. दोघांच्याही जागा दोन-दोनच. क्षेत्रफळ म्हणाल तर मोंटाना आजच्या महाराष्ट्रापेक्षाही मोठा, पण वस्ती तुरळक. पूर्वेकडे गुरांची कुरणं आणि कोरडवाहू शेती, पश्चिमेला डोंगर आणि डोंगरांत तांबं, चांदी, सोनं.

राज्याचा दर्जा मिळण्यामागे राजकारण होतंच. १८८९ आणि १८९० या दोन वर्षांत उत्तर डकोटा, दक्षिण डकोटा, मोंटाना, वॉशिंग्टन, आयडाहो आणि वायोमिंग अशी सहा राज्यं संघात आली आणि सिनेटमध्ये एका दमात बारा जागा वाढल्या. डकोटाचे तर दोन तुकडे करून दोन राज्यं केली गेली. आपल्या पदरात किती जागा पडतील याची गणितं रिपब्लिकन पक्षाने आधीच मांडली होती.

या जागेला एवढं मोल कशामुळे होतं? आयात मालावरचा कर सिनेटमध्ये ठरायचा. सरकारने चांदी किती विकत घ्यायची, हेही तिथेच ठरायचं. खाणीतले बोगदे सावरायला आणि भट्ट्या पेटवायला लाकूड लागायचं, आणि ते यायचं केंद्र सरकारच्या जंगलांतून. खाणमालकाच्या धंद्याची नाडी वॉशिंग्टनच्या हातात होती. आता हा हिशोब बघा. न्यूयॉर्कच्या सिनेटरच्या मताला जेवढी किंमत, तेवढीच मोंटानाच्या सिनेटरच्या मताला. पण मोंटानात ते मत हाती आणायला शंभराच्या आतले आमदार पटवले की काम होत होतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. माणसं लोभी होती हे खरं, पण लोभाला एवढा स्वस्त सौदा समोर मांडून दिला होता तो व्यवस्थेने.

निवडणुकीची पद्धत

१९१३पर्यंत सिनेटर निवडायचे ते राज्यांच्या विधिमंडळांनी. आपले आमदार राज्यसभेचे खासदार निवडतात, साधारण तसंच. १८६६च्या केंद्रीय कायद्याने पद्धत ठरवून दिली होती. आधी दोन्ही सभागृहांनी वेगवेगळं मतदान करायचं. एकमत झालं नाही तर दोघांनी रोज दुपारी बारा वाजता एकत्र बसायचं आणि निकाल लागेपर्यंत दररोज किमान एक फेरी घ्यायची. मत उघड द्यायचं, तोंडाने नाव घेऊन.

उघड मतदानामागचा हेतू चांगला होता. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने कोणाला मत दिलं हे लोकांना कळावं. पण तीच गोष्ट विकत घेणाऱ्याच्या पथ्यावर पडली. गुप्त मतदान असतं तर पाकीट देणाऱ्याला माल पोचला की नाही हे कधीच कळलं नसतं. इथे तो गॅलरीत बसून मोजू शकत होता. भारतात २००३ साली राज्यसभेचं मतदान पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची सोय केली, ती घोडेबाजार थांबावा म्हणून. मोंटानातला घोडेबाजार उघड मतदानाच्या उजेडातच भरला होता.

पहिली दहा वर्षं

पहिल्याच निवडणुकीत गोंधळ झाला. ब्यूटजवळ, सिल्व्हर बो परगण्यातल्या ३४ क्रमांकाच्या केंद्रावर रेल्वेच्या बोगद्याचं काम करणाऱ्या मजुरांनी जवळजवळ एकगठ्ठा डेमोक्रॅटिक पक्षाला मतं दिली. ती मतं बाद ठरवली गेली आणि त्यावरून वाद एवढा पेटला की दोन्ही पक्षांनी आपापलं वेगळं कनिष्ठ सभागृह भरवलं. दोघांनी आपापले दोन सिनेटर निवडले. मोंटानाच्या दोन जागांसाठी वॉशिंग्टनला चार माणसं पोचली. सिनेटमध्ये रिपब्लिकन बहुमत होतं. त्यांनी आपले विल्बर सँडर्स आणि थॉमस पॉवर आत घेतले, आणि डेमोक्रॅट परत गेले. परत गेलेल्या दोघांत एक होते विल्यम क्लार्क.

१८९३मध्ये सँडर्स यांची मुदत संपली. विधिमंडळात फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. क्लार्क यांना जिंकायला तीन मतं कमी पडली आणि कोणीच निवडून आलं नाही. राज्यपालांनी ली मँटल यांना नेमलं, पण सिनेटने ती नेमणूक मानली नाही. विधिमंडळाला संधी असताना त्याने निवड केली नाही, मग राज्यपाल कसे नेमतात, असा त्यांचा मुद्दा होता. १८९५च्या जानेवारीपर्यंत मोंटानाची एक जागा रिकामी राहिली.

याची किंमत कोणी मोजली, हे बघायला हवं. त्याच १८९३च्या शरद ऋतूत सरकारी चांदीखरेदीचा कायदा सिनेटने रद्द केला. आधीच भाव कोसळून मोंटानातल्या चांदीच्या खाणी बंद पडत होत्या, फिलिप्सबर्गच्या आसपासचे कामगार रस्त्यावर आले होते. पोटापाण्याच्या त्या प्रश्नावर मतदान झालं तेव्हा राज्याचा एकच माणूस सभागृहात बसलेला होता. श्रीमंतांच्या भांडणात गरिबाचं घर उठतं ते असं.

असं एकट्या मोंटानातच घडत नव्हतं. १८९१ ते १९०५ या काळात वीस राज्यांत मिळून पंचेचाळीस वेळा अशी कोंडी झाली. डेलावेअरच्या तर दोन्ही जागा १९०१ ते १९०३ रिकाम्या होत्या.

क्लार्क आणि डेली

भांडण ज्यांचं होतं त्या दोघांबद्दल सांगायला हवं.

विल्यम क्लार्क पेनसिल्व्हेनियात जन्मले, काही काळ शाळेत शिकवलं आणि १८६३ साली सोन्याच्या शोधात मोंटानात आले. सोनं थोडंफार मिळालं. पण खरा पैसा खाणकामगारांना माल विकण्यात आहे, हे त्यांनी लवकर ओळखलं. व्यापार, टपालाचं कंत्राट, मग सावकारी आणि बँक, आणि तिथून ब्यूटच्या खाणी. शिस्तीचा, हिशोबी आणि मानाचा भुकेला माणूस.

मार्कस डेली आयर्लंडमधून रिकाम्या हाताने आलेले. नेव्हाडाच्या चांदीच्या खाणीत ते राबले आणि खडक बघून आतलं धातूचं अंग ओळखण्याची नजर कमावली. अनाकोंडा नावाची खाण त्यांनी घेतली ती चांदीसाठी, आणि खाली निघालं तांबं. वीज आणि टेलिफोन नुकतेच येत होते आणि सगळ्या जगाला तांब्याची तार हवी होती. डेलींचं उखळ पांढरं झालं. भट्टीसाठी त्यांनी अनाकोंडा हे अख्खं गाव वसवलं.

दोघांचं वाकडं आलं ते १८८८मध्ये. क्लार्क तेव्हा, राज्य होण्याआधीच्या मोंटाना प्रदेशाचे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची निवडणूक लढवत होते, आणि डेलींच्या कामगारांची मतं त्यांच्या विरोधात गेली. क्लार्क स्वतःच्याच पक्षातल्या माणसामुळे हरले आणि ते कधी विसरले नाहीत. १८९४मध्ये राजधानी कुठे करायची यावर जनमत घेतलं तेव्हा डेलींनी अनाकोंडासाठी आणि क्लार्क यांनी हेलेनासाठी पैसा ओतला. हेलेना दोन हजारांहून कमी मतांनी जिंकली. दोघांची वर्तमानपत्रंही वेगळी, ‘ब्यूट मायनर’ क्लार्क यांचं, ‘अनाकोंडा स्टँडर्ड’ डेलींचं. सामान्य वाचकाला निष्पक्ष बातमी मिळायची मुश्कील होती.

अठरा फेऱ्या

पुन्हा १८९९च्या जानेवारीकडे येतो.

व्हाइटसाइडच्या गौप्यस्फोटानंतर पहिल्या फेरीत क्लार्क यांना अवघी सात मतं पडली. प्रकरण इथेच संपायला हवं होतं. पण क्लार्क यांच्या वर्तमानपत्राने हा सगळा डेलींचा बनाव आहे, तीस हजार त्यांनीच पुरवले, असा धुरळा उडवला. हेलेनातल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, पुरावा पुरेसा नाही असं ठरवलं. आणि रोज दुपारी बारा वाजता फेरी होत राहिली. एकेका फेरीबरोबर क्लार्क यांची मतं वाढत गेली.

ती कशी वाढली, हे पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या चौकशीत बाहेर आलं. क्लार्क यांचा मुलगा चार्ल्स याच्या देखरेखीखाली दलाल काम करत होते. कोणाच्या कुरणावरचं गहाण सोडवलं गेलं. कोणाची जमीन चढ्या भावाने विकत घेतली. कोणाचं कर्ज फिटलं, कोणाच्या बँकेत भांडवल आलं. हे आमदार म्हणजे काही मोठे धनदांडगे नव्हते. गुरं पाळणारे, दुकान चालवणारे, गावातले वकील, कर्जात बुडालेली माणसं. १८९३च्या मंदीचे घाव त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगावर ताजे होते. मी त्यांचं समर्थन करत नाही. पण मत विकणारा आमदार आणि गहाण पडलेलं कुरण एकत्र बघितल्याशिवाय या प्रकरणातला माणूस दिसत नाही.

सिनेटच्या चौकशीनुसार लाच २४० डॉलरपासून एक लाखापर्यंत होती. एकूण खर्चाचा जो आकडा इतिहासात नोंदला गेलाय तो आहे सुमारे ४ लाख ३१ हजार डॉलर.

दरम्यान व्हाइटसाइडच्या स्वतःच्या निवडीवर आक्षेप घेऊन त्याची आमदारकीच काढून घेण्यात आली. तक्रारदार घरी गेला. २८ जानेवारीला अठराव्या फेरीत ५४ मतं मिळवून क्लार्क निवडून आले. त्यात अकरा मतं विरोधी रिपब्लिकन पक्षाची होती.

वॉशिंग्टनमधली चौकशी

४ डिसेंबर १८९९ला क्लार्क यांनी सिनेटमध्ये शपथ घेतली. त्याच दिवशी मोंटानाचे दुसरे सिनेटर थॉमस कार्टर यांनी क्लार्क यांच्या निवडीविरुद्धची निवेदनं सभागृहात ठेवली. न्यू हॅम्पशायरचे विल्यम चँडलर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने काही महिने साक्षी घेतल्या, त्यांची हजारो पानं भरली. क्लार्क यांनी मान्य केलं की निवडणूक खर्चाचे वटवलेले धनादेश त्यांनी नष्ट करून टाकले. एवढ्या हिशोबी माणसाने नेमके तेच कागद फाडावेत, यात पाणी कुठे मुरतंय हे कळायला समितीला फार वेळ लागला नाही.

तक्रारदारांचा खर्च डेली करत होते, आणि डेलींचाही पैसा राजकारणात वर्षानुवर्षं खेळत होता. ही सज्जन आणि दुर्जन यांची लढाई नव्हती, हे नमूद करायलाच हवं. पण दुसराही चोर आहे म्हणून पहिल्याची चोरी माफ होत नाही, आणि समितीनेही तसंच धरलं. २३ एप्रिल १९००ला समितीने एकमताने अहवाल दिला की क्लार्क यांची निवड रद्दबातल धरावी. वकील वेलकम यांची सनद मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच काढून घेतली होती.

मग जे झालं ते वाचताना मला अजून राग येतो.

मोंटानाचे राज्यपाल रॉबर्ट स्मिथ क्लार्कविरोधी होते. जागा रिकामी झाली असती तर नेमणूक त्यांनी केली असती. क्लार्क यांच्या माणसांनी एका खटल्याचं काम काढून राज्यपालांना कॅलिफोर्नियाला जायला लावलं. ते राज्याबाहेर पडले की कारभार उपराज्यपाल स्प्रिग्ज यांच्याकडे, आणि स्प्रिग्ज क्लार्क यांच्या बाजूचे. तेही दक्षिण डकोटात पक्षाच्या अधिवेशनाला गेले होते, तिथून तातडीने परतले. १५ मे १९००ला क्लार्क यांनी सिनेटमध्ये भाषण करून राजीनामा दिला, आणि त्याच दिवशी स्प्रिग्ज यांनी त्याच रिकाम्या जागेवर क्लार्क यांचीच नेमणूक केली. लाचेने मिळवलेली जागा सोडायची आणि दुसऱ्या दाराने तिथेच येऊन बसायचं.

स्मिथ संतापून परतले. त्यांनी नेमणूक रद्द केली आणि मार्टिन मॅगिनिस यांना नेमलं. सिनेटने दोघांनाही आत घेतलं नाही, आणि मोंटानाची जागा पुन्हा रिकामी राहिली.

आणि शेवटी क्लार्क जिंकलेच. १९००च्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या खाणींत आठ तासांचा दिवस लागू केला. ब्यूटच्या कामगारांना तो मनापासून हवा होता आणि त्यांच्यासाठी ती खरी मिळकत होती. डेलींची कंपनी एव्हाना स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीच्या मंडळींच्या ‘अमॅल्गमेटेड कॉपर’मध्ये गेली होती. परक्या मक्तेदारीविरुद्ध लढणारा घरचा माणूस, अशी क्लार्क यांची प्रतिमा उभी राहिली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांचे आमदार निवडून आले, त्याच महिन्यात डेली वारले, आणि जानेवारी १९०१मध्ये विधिमंडळाने क्लार्क यांना रीतसर सिनेटर केलं. १९०७पर्यंत ते तिथे होते. कारकीर्दीत सांगण्याजोगं फारसं काही नाही. सरकारी जंगलं राखून ठेवण्याला त्यांनी विरोध केला, तो त्यांच्या धंद्याला धरूनच होता.

लोकांनी काढलेली वाट

विधिमंडळाकडून न्याय मिळत नाही हे दिसल्यावर लोकांनी कायदे करायची दुसरी वाट काढली. १९०६मध्ये राज्याच्या संविधानात दुरुस्ती होऊन नागरिकांना सह्या गोळा करून कायदा थेट मतदानाला टाकता येऊ लागला. १९१२मध्ये याच मार्गाने दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. सिनेटर कोण हवा याचा कौल लोकांनी द्यायचा अशी तरतूद झाली, आणि निवडणुकीत कंपन्यांनी पैसा घालायला बंदी आली.

त्याआधी १९११मध्ये जुन्या पद्धतीचा शेवटचा तमाशा होऊन गेला. विधिमंडळात तब्बल ऐंशीच्या आसपास फेऱ्या झाल्या आणि शेवटी तडजोड म्हणून हेन्री मायर्स निवडून आले. मायर्स म्हणजे १८९९मध्ये व्हाइटसाइडबरोबर राहून आपलं पाकीट पुरावा म्हणून देणारे तरुण आमदार. बारा वर्षांनी का होईना, पाकीट परत करणारा माणूस सिनेटमध्ये पोचला, हे मला या सगळ्या कागदपत्रांत फार मोलाचं वाटतं.

१९१२च्या कौलात लोकांनी थॉमस वॉल्श यांना पसंती दिली आणि विधिमंडळाने ती मान्य केली. ८ एप्रिल १९१३ला सतरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन सिनेटर थेट लोकांच्या मताने निवडले जाऊ लागले. दुरुस्तीला शेवटचा धक्का दिला तो इलिनॉयचे सिनेटर लॉरिमर यांच्या लाचप्रकरणाने, हे खरंय. पण क्लार्क यांचं नाव त्या चर्चेत वर्षानुवर्षं दाखल्यासारखं येत राहिलं होतं.

पद्धत बदलल्यावर काय झालं? वॉल्श यांच्याकडे बघा. १९२३-२४मध्ये सिनेटच्या चौकशीत त्यांनी ‘टीपॉट डोम’ प्रकरण उकरून काढलं. नौदलाचे राखीव तेलसाठे, सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरियर खात्याचे मंत्री अल्बर्ट फॉल यांनी तेलवाल्यांना भाडेपट्ट्याने दिले होते, आणि एडवर्ड डोहेनी या तेलसम्राटाच्या मुलाने काळ्या बॅगेत एक लाख डॉलर रोख घालून फॉल यांच्याकडे पोचवले होते. वॉल्श एकेक कागद, एकेक तारीख जुळवत बसले. फॉल यांना पुढे तुरुंगवास झाला, पदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले ते अमेरिकेचे पहिले मंत्री. ज्या राज्याच्या आमदारांनी पाकिटांवर आद्याक्षरं लिहिली, त्याच राज्याच्या सिनेटरने काळी बॅग उघडली. १९३३च्या मार्चमध्ये ॲटर्नी जनरल होण्यासाठी वॉशिंग्टनला निघालेले वॉल्श वाटेतच रेल्वेत वारले.

थेट मतदानाने कंपनी हटली, असं मात्र नाही. १९५९पर्यंत राज्यातली बहुतेक मोठी दैनिकं अनाकोंडा कंपनीच्या मालकीची होती. १९२०मध्ये राज्यपालपदाला उभे राहिलेल्या बर्टन व्हीलर यांना या पत्रांनी ‘बोल्शेविक बर्ट’ म्हणून झोडपलं. एका गावी जमावापासून जीव वाचवायला त्यांना मालगाडीच्या डब्यात लपावं लागलं. ते हरले. आणि दोनच वर्षांनी लोकांनी त्यांना सिनेटर केलं. वर्तमानपत्रं कंपनीच्या मुठीत असतानाही मतदाराने आपलं मत राखलं. शंभर आमदारांचं गणित लाखांवर गेलं की काय फरक पडतो, ते इथे दिसतं.

कोणाला मत होतं हाही प्रश्न आहेच. स्त्रियांना मोंटानात मताधिकार मिळाला १९१४मध्ये. दोन वर्षांनी जेनेट रँकिन इथूनच निवडून जाऊन काँग्रेसच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. १९१८मध्ये त्या सिनेटला उभ्या राहिल्या, पण हरल्या. क्रो, ब्लॅकफीट, शायान या मूळच्या जमातींतली अनेक माणसं तर आपल्याच भूमीत १९२४च्या कायद्यापर्यंत नागरिकच नव्हती.

माइक मॅन्सफील्ड यांच्याबद्दल थोडं सांगितलं नाही तर हे अपुरं राहील. ग्रेट फॉल्सला नातेवाइकांकडे वाढलेलं पोर, चौदाव्या वर्षी वय खोटं सांगून नौदलात गेलेलं, नंतर ब्यूटच्या खाणीत फावड्याने दगडमाती ओढणारा मजूर. मॉरीन हेझ या शिक्षिकेने त्यांना पुन्हा शिकायला लावलं, दोघांचं लग्न झालं, आणि खाणमजूर इतिहासाचा प्राध्यापक झाला. १९५३ ते १९७७ ते सिनेटर होते आणि त्यातली सोळा वर्षं सिनेटमधल्या बहुमतातल्या पक्षाचे नेते. त्या पदावर तेवढा काळ दुसरं कोणी राहिलेलं नाही. १९६४चा नागरी हक्क कायदा त्यांच्या नेतेपदाच्या काळात, महिनोन्महिन्यांच्या अडवणुकीतून पार झाला. क्लार्क यांच्या पद्धतीत असा माणूस सिनेटपर्यंत पोचलाच नसता, असं मला ठामपणे वाटतं.

शंभर वर्षांनी

१९१२चा कंपन्यांच्या पैशावरचा बंदी-कायदा शंभर वर्षं टिकला. २०१०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे खर्च करायचा हक्क आहे असं ठरवलं, आणि मोंटानाच्या कायद्याला आव्हान मिळालं. ३० डिसेंबर २०११ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्या निकालपत्रात पानंच्या पानं इतिहास आहे, तांब्याचे सम्राट, विकत घेतलेलं विधिमंडळ, क्लार्क यांची सिनेट जागा. आमच्या राज्याला हे भोगून झालंय, तेव्हा कंपनीच्या पैशाने भ्रष्टाचार होतो हे आम्हाला अंदाजाने सांगावं लागत नाही, असा त्याचा आशय होता.

२५ जून २०१२ला वॉशिंग्टनच्या न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. ना तोंडी युक्तिवाद, ना सविस्तर सुनावणी. बहुमताचा आदेश जेमतेम पानभराचा होता आणि त्यात मोंटानाच्या इतिहासाची दखल नव्हती. मला यातली घाई खुपते. निकालाच्या बाजूने कायद्याचे मुद्दे असतीलही, पण एक राज्य आपली जखम उघडी करून दाखवत असताना ती बघायलाही नकार देणं योग्य नव्हतं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपनी म्हणजे माणूस नव्हे, असं सांगणारा ठराव मोंटानाच्या मतदारांपुढे आला. सुमारे पंचाहत्तर टक्के लोकांनी बाजूने मत दिलं. कायदेशीर जोर त्याला फारसा नव्हता. त्याच दिवशी जॉन टेस्टर सिनेटवर दुसऱ्यांदा निवडून आले. बिग सँडी या छोट्या गावचे ते शेतकरी. नऊ वर्षांचे असताना मांस दळायच्या यंत्रात त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली, आणि सिनेटर असतानाही ते पेरणी-कापणीला घरी जात.

२०२४मध्ये टेस्टर टिम शीही यांच्याकडून हरले. ते ज्या बाजूने हरले किंवा जिंकले असते, त्याबद्दल मला इथे बोलायचं नाही. आकडा तेवढा नोंदवतो. त्या एका जागेसाठी दोन्ही बाजूंनी मिळून वीस कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला गेला, त्यातला बराचसा राज्याबाहेरून आलेला. मतं पडली सहा लाखांच्या आसपास. म्हणजे मतामागे तीनशे डॉलरहून जास्त. सिनेटमधलं बहुमत अशाच मोजक्या जागांवर ठरणार होतं, आणि कॅलिफोर्नियासारख्या अवाढव्य राज्यापेक्षा इथे एकेका डॉलरने मतदारांच्या जास्त मोठ्या हिश्शापर्यंत पोचता येत होतं.